पिंपातलं दुधट पाणी

कारभारी मिस्त्रीनं तीस वर्षं सिमेंटचा गिलावा केला. अंकुशनगरकडची कितीतरी घरं त्याच्या हातची. जालन्यातल्या या इमारतीवर मात्र जिप्समचं काम होतं, आणि पंधरा दिवसांपासून त्याचा माल घमेल्यातच दगड होत होता. बाकीच्यांचा वीस-पंचवीस मिनिटं मऊ राहायचा, त्याचा सात-आठ मिनिटांत गोठायचा.

शनिवारी दुपारी तो साइट इंजिनिअर प्रियदर्शनीपुढं येऊन उभा राहिला.

"मॅडम, सोमवारपासून येत न्हाई मी. माल लावायच्या आत गोठतो. हात मंद झालाय. वय झालं."

"पोतं सगळे वापरतात तेच ना?"

"तेच."

"मग एकदा माझ्यासमोर कालवा, काका."

त्यानं कोपऱ्यातल्या पिंपातून डबाभर पाणी घेतलं. पाणी दुधासारखं दिसत होतं.

"हे कुठलं?" तिनं विचारलं.

"घमेली, थाप्या धुतलेलं. टँकर चार दिवसाला येतो, मॅडम. बाकीचे फेकून देऊन राह्यले, मी वापरतो. सिमेंटात कधी बिघडलं न्हाई."

प्रियदर्शनीनं दोन बादल्या घेतल्या. एकाच पोत्यातलं जिप्सम एकीत पिंपातल्या पाण्यानं कालवलं, दुसरीत टँकरच्या स्वच्छ पाण्यानं. दोघं पायरीवर बसून राहिली. आठव्या मिनिटाला पहिली बादली घट्ट झाली. दुसरीत बावीस मिनिटांनीही थापी फिरत होती.

"हात नाही काका, पाणी आहे. या धुवणात गोठलेल्या जिप्समचे बारीक कण आहेत. नवा माल त्या कणांना धरूनच गोठायला लागतो. गोठणं लांबावं म्हणून कंपनी पोत्यात औषध मिसळते, पण या कणांपुढं ते पुरत नाही."

कारभारीनं स्वच्छ पाण्यात नवा माल कालवला. तो घेऊन भिंतीपाशी गेला. शेवटचा हात फिरवला तेव्हा भिंत गुळगुळीत झाली होती. मग हात पुसून त्यानं फोन लावला.

"माझा साडू आहे, तातेराव," तो प्रियदर्शनीला म्हणाला. "मागल्या वर्षी जिप्समच्या कामावर त्याचंबी असंच झाल्तं. हात गेला म्हणून काम सोडलं, घरी बसलाय. तोबी पाणी वाचवायचा. तुम्हीच सांगा, माझं त्याला खरं वाटणार न्हाई."

तिनं फोन घेतला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं.

"मंग," तातेराव पलीकडून म्हणाला, "माझा हात बराबर होता म्हणायचा."

"बिलकुल बराबर होता," प्रियदर्शनी म्हणाली.