उजव्या बाजूची जागा

आमच्या घराला गॅरेज एकच, आणि ते गाडीचं आहे. गाडी म्हणजे जेनची गाडी. दुसरी एक मोटार आमच्याकडं आहे. तिच्यातून आम्ही किराणा आणतो, चर्चला जातो, डॉक्टरकडं जातो. पण तिला घरात कुणी गाडी म्हणत नाही आणि ती बारा महिने बाहेर उभी असते. मिशिगनच्या हिवाळ्यात रोज सकाळी तिच्यावरचा बर्फ मी खरवडतो. आत जेनची गाडी मऊ पांघरूण घेऊन झोपलेली असते. लग्न झाल्यापासून हे बघतोय आणि अजून माझा तिळपापड होतो.

ती गाडी जेननं आमच्या लग्नाआधी, एकोणसत्तर साली, कारखान्याच्या पगारातून नवी कोरी घेतली. गडद हिरवी, दोन दारांची. बॉनेटखाली चारशे घनइंचाचं इंजिन, हातानं टाकायचे चार गिअर, आणि क्लच असा की दाबणाऱ्याला आपल्या मांडीत किती स्नायू आहेत ते एकेक करून कळावं. एवढा पैसा धुरात घातला म्हणून तिच्या बापानं बरेच दिवस तिच्याशी अबोला धरला होता. मग एका रविवारी तिनं त्यांना एक चक्कर मारून आणली. म्हातारा खाली उतरला तेव्हा त्याची टोपी मागच्या सीटवर गेली होती आणि अबोला संपला होता.

वर्षातून मोजक्याच वेळा ती बाहेर निघते. नगरपालिकेनं बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकलं की पत्रा गंजेल म्हणून गाडी बंद, आणि वसंतात दोन-चार चांगले पाऊस होऊन ते मीठ वाहून गेलं की चालू. त्यातही आभाळ भरून आलं असेल तर नाही. बाहेर काढायची म्हणजे लग्नाची वरात काढल्यासारखं: बॅटरीचा चार्जर काढा, खाली तेल गळलंय का बघा, इंजिन गरम होईपर्यंत थांबा, तोवर शेजारच्या मिसेस पियॉन्टेक खिडकी बंद करतात ते बघा. सगळं झाल्यावर जेन डावीकडं स्टिअरिंगपाशी बसायची आणि मी उजवीकडं.

मला तिनं कधी चालवू दिली नव्हती. मी जन्मभर शाळेची बस चालवली. खडखड गिअरची, हत्तीएवढी बस, बर्फात, आत बोंबलणारी पोरं. एकदाही कुठं घासली नाही. पण जेनचं उत्तर ठरलेलं.

"तू गाडी चालवत नाहीस, चेट. तू मुलं पोचवतोस."

मागच्या मार्चमध्ये तिचा डावा गुडघा बदलला. उजवा बदलायला लागला असता तर मी देवाला मेणबत्ती लावली असती. क्लच डाव्या पायाखाली असतो.

व्यायाम शिकवायला ब्रिआना नावाची मुलगी घरी यायची. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "आजी, आपण काय ध्येय ठेवायचं? काही जण म्हणतात जिना चढायचाय, काही जण म्हणतात नातवंडांबरोबर बागेत जायचंय."

"ऑगस्टमध्ये वुडवर्डवर गाडी न्यायची," जेन म्हणाली.

"अरे वा! मग ते तर सोपंय. गाडीत बसता-उतरता आलं की झालं."

"बसायचं नाही गं. चालवायची."

मी ब्रिआनाला गॅरेजमध्ये नेलं आणि क्लच हातानं दाबून बघ म्हटलं. तिनं एका हातानं दाबला, मग दोन्ही हातांनी. बाहेर येऊन म्हणाली, "आजोबा, हे काय आहे? हे तर मला पण जमणार नाही."

वुडवर्ड म्हणजे आमच्याकडचा मोठा रस्ता, आणि ऑगस्टमध्ये तिथं जत्रा असते. सगळा रस्ता जुन्या गाड्यांनी भरतो, दोन्ही बाजूंना लोक घडीच्या खुर्च्या टाकून बसतात, आणि गाड्या मुंगीच्या पावलांनी पुढं सरकतात. लोकांना वाटतं अशा गाडीला वेगात चालवणं अवघड. वेगात ती स्वतःच जाते. अवघड असतं ते गर्दीत थांबत थांबत जाणं, कारण प्रत्येक वेळी क्लच दाबायचा आणि धरून ठेवायचा. जेननं तो रस्ता एकही वर्ष चुकवला नव्हता, ही जत्रा सुरू व्हायच्या आधीपासून. आमची लेक पॅटी पोटात असताना, आठव्या महिन्यात, स्टिअरिंग आणि पोट यांच्यात बोटभर जागा होती तरी गेली होती.

म्हणून त्या एप्रिलपासून जेन रोज दुपारी बंद गाडीत जाऊन बसायची आणि क्लच दाबायची. मी बाजूला उभा. आधी पाय अर्ध्यापर्यंत जायचा. मेच्या शेवटी तळापर्यंत गेला, आणि त्या रात्री तिनं मला स्वतःहून दुसरी बिअर दिली. पण दाबलेला क्लच धरून ठेवायचा म्हटलं की मांडी थरथरायला लागायची. ती दात ओठ खाऊन बसायची. "अजून महिना आहे," म्हणायची. मग "अजून तीन आठवडे आहेत."

आमचा मेकॅनिक नॉर्बर्ट एकदा कार्बुरेटर बघायला आला आणि त्याला दुर्बुद्धी झाली. म्हणाला, "जेन, ऑटोमॅटिक गिअर टाकून देतो. क्लचची भानगडच नको. बाहेरून कुणाला कळणारही नाही."

"मला कळेल की," जेन म्हणाली. "आणि असं कर, जाता जाता माझे दात पण काढून ने. सूप पीत बसेन."

नॉर्बर्टनं हत्यारांची पेटी मिटली. त्यानं त्या दिवशी पैसेही कमी घेतले.

जुलैमध्ये तिनं गाडी बाहेर काढली. मी नको म्हणत होतो, पण माझ्या नकोला या घरात किती किंमत आहे ते वर आलंच आहे. घरामागच्या गल्लीतून निघाली तेव्हा झकास चालवली. मी म्हटलं, चला, जमलं. गल्लीच्या टोकाला थांबायची पाटी आहे. तिथं ती थांबली. समोरून एक बाई बाबागाडी ढकलत निघाली होती, सावकाश, फोनवर बोलत. जेननं क्लच धरून ठेवला. मला तिचा गुडघा हलताना दिसला. मग पाय सटकला आणि गाडीनं पुढं उडी घेतली.

बाई तोवर पलीकडं गेली होती. आम्ही कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या डब्याला धडकलो आणि इंजिन बंद पडलं. डबा आडवा झाला, बंपरला ओरखडाही नाही. बाईनं वळून बघितलं आणि परत फोनवर बोलायला लागली. जेन दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसली होती. मी काहीतरी बोलावं म्हणून म्हणालो, "डबा पियॉन्टेकबाईंचा आहे. आपल्याला कधी आवडल्या होत्या त्या?"

ती हसली नाही. खाली उतरली आणि गाडीच्या पुढून लंगडत चालत माझ्या दारापाशी आली.

"सरक," ती म्हणाली. "घरी ने."

तेवढ्या गल्लीपुरती गाडी मी त्या दिवशी चालवली, पोरं पोचवल्यासारखी.

पुढच्या रविवारी सकाळी तिनं जेवणाच्या टेबलावरून किल्ली माझ्याकडं ढकलली. गाडी नुसती उभी राहिली तर पेट्रोल खराब होतं, टायर बसतात, हे मला सांगायला लागली, जणू मला ठाऊकच नव्हतं. "माझा पाय बरा होईपर्यंत," ती म्हणाली. "तोवर तू जरा फिरवून आण. मी येते बरोबर. लक्ष ठेवायला."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. रस्ता रिकामा होता, ऊन कोवळं होतं. दुसऱ्या गिअरमध्ये मी पाय जरा दाबला आणि त्या इंजिननं जो आवाज काढला, तो इतकी वर्षं मी ऐकत आलो होतो, पण आपल्या पायानं काढला की तो वेगळा लागतो. म्हणून बाई एवढी जीव टाकते हिच्यावर, मी मनात म्हटलं. तिसरा गिअर टाकला तेव्हा जेनकडं बघितलं. मला वाटलं शिव्या बसणार. पण तिचं लक्ष गिअरकडं नव्हतंच. ती एका कुल्ल्यावरून दुसऱ्यावर होत होती.

"इथं काय टोचतंय?"

"स्प्रिंग आहे. जरा डावीकडं हो."

ती डावीकडं झाली. "कधीपासून?"

"तू भंगारवाल्याकडून सिलिंडरची हेड आणली होतीस ना, बिडाची? ती सीटवर आदळलीस आणि मला बसनं घरी पाठवलंस. तेव्हापासून."

"पॅटी तेव्हा चौथीत होती!"

"हो. असेल."

थोडं पुढं गेल्यावर तिनं पाय उचलला. "चेट, खालून भाजतंय."

"सायलेन्सरचा पाइप जातो तिथून. उजवा पाय दाराला चिकटव, डावा त्याच्यावर ठेव. अजून थोडा. हां, आता नाही लागणार. लांब जायचं असेल तर मी जाड तळाचे बूट घालतो."

तिनं तसा पाय ठेवला. मग हातानं सीटची कड चाचपत राहिली. आता एक गोष्ट सांगायला पाहिजे. या बाईनं कारखान्यात सगळी नोकरी सीट शिवण्यात काढली. स्प्रिंगा, काथ्या, फोम, कव्हर. हजारो लोकांची बुडं तिच्या हातच्या कामावर सुखानं बसली असतील.

"तू बोलला का नाहीस?" तिनं शेवटी विचारलं.

"काय बोलणार? तू इतकी खुशीत असायचीस. त्यात माझं बूड कुठं मध्ये आणायचं?"

"मूर्ख आहेस," ती म्हणाली आणि तोंड खिडकीकडं केलं. डोळे पुसलेले मला दिसले. मी चौथा गिअर टाकला.

मंगळवारी मी दाढदुखीसाठी डॉक्टरकडं गेलो होतो. परत आलो तर गॅरेजचं दार उघडं आणि गाडीतली उजवीकडची सीट काढून कामाच्या टेबलावर घेतलेली. कव्हर उलटं करून ठेवलं होतं. जेन उंच स्टुलावर बसून पक्कडीनं कव्हर अडकवायच्या जुन्या रिंगा तोडत होती. गुडघ्यावर बर्फाची पिशवी बांधलेली. नव्या स्प्रिंगा खोक्यात, खाली घालायला उष्णता अडवणारी चादरही आणलेली. मला भरून आलं. इतक्या वर्षांनी का होईना, माझ्या बुडाची दखल घेतली गेली होती.

"अगं, राहू दे," मी म्हणालो. "महिन्याभरात तुझा पाय बरा होईल, तू चालवायला लागशील. मला सवय आहे त्या स्प्रिंगची. पाय शिणवू नकोस उगाच."

"तुझ्यासाठी कोण करतंय?" तिनं वर न बघता विचारलं.

मला आधी कळलंच नाही. मी तसाच हसत उभा राहिलो. मग कळलं.

जन्मभर मला त्या स्टिअरिंगपाशी बसायचं होतं. आता ती जागा माझी झाली होती आणि मला ती नको होती. मला वाटत होतं, तिनं पक्कड फेकावी, माझ्यावर ओरडावं, तू मुलं पोचवतोस म्हणावं. तिनं तसलं काही केलं नाही. एक स्प्रिंग जागेवर बसवली, तळहातानं दाबून बघितली आणि मान हलवली.

"ऑगस्टमध्ये दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना घाई करू नकोस," ती म्हणाली. "रविवारी दोनदा केलीस. आणि इथं ये, कव्हरची ही वायर ताणून धर. मला एकटीला नाही जमत."

मी वायर ताणून धरली.