गिलाव्यामागचे पाणी

मित्रांनो, मी एक जुनी विहीर आहे. आटलेली विहीर, असे सगळे म्हणतात. ते खोटे आहे, हे जाणणारी एकच बाई आता उरली आहे.

मला एका नवराबायकोने हातांनी खणले. तो खाली कुदळ-पहार चालवायचा, ती वर रहाटावर मातीची पाटी ओढायची. रोज सकाळी ती आधी पेटता कंदील खाली सोडायची. तो विझला की खालची हवा वाईट. मग नवऱ्याने कितीही आदळआपट केली तरी ती त्याला उतरू देत नसे. आधी माती लागली, मग मुरूम, मग खडक. सहा माणसे एकावर एक उभी राहतील एवढ्या खोलीवर खडकाच्या फटीतून पाणी आले. तो खालून ओरडला, "अगं, पाय भिजले!" ती रहाट धरूनच रडली.

माती ढासळू नये म्हणून त्यांनी कडेने दगड रचले. वरचे चुन्यात, खालचे मात्र नुसते एकावर एक. "फटी राहू दे," तो म्हणाला, "पाणी तिथूनच येणार."

चाळीस वर्षे मी अख्ख्या वस्तीला पाणी पाजले. लोक माझे गोडवे गात. मग एका उन्हाळ्यात त्यांना माझे शेवाळलेले दगड घाण वाटू लागले. त्यांनी मला उपसून काढले, तळाला कोबा घातला, भिंतींना सिमेंटचा गिलावा केला आणि वर निळा रंग. काय नटवली होती मला! फटी तेवढ्या बुजल्या. मी कोरडी पडले, तेव्हा "आटली" म्हणून मोकळे झाले आणि माझ्यात कचरा टाकू लागले.

आज मला बुजवायला राडारोड्याची गाडी आली. ती बाईही काठी टेकत आली. नवरा तिचा केव्हाच गेला.

"अरे बाबा, ती आटली नाही, तुम्हीच तिचं तोंड बांधलंय. खाली चार जागी गिलावा फोडून तर बघा."

"आजी, आता कोण उतरणार खाली?" गाडीवाला म्हणाला.

"मी उतरते. आधी कंदील सोडा."

सगळे हसले. कोणीतरी तिला हाताला धरून बाजूला बसवले आणि गाडी माझ्यात रिकामी झाली.

मित्रांनो, गिलाव्यामागे पाणी अजून आहे. मला ते कळते, पण या गाडीवाल्यांना सांगता येत नाही. तुमच्याकडे विहीर असेल तर तिच्या खालच्या फटी बुजवू नका. ती कोरडी पडली तर आधी कोणीतरी उतरून पाहा. माझ्यासाठी उतरायला तयार असलेली ती एकटीच आहे, आणि तिला काठीशिवाय उभेही राहता येत नाही. दुसरी गाडी मागे सरकत माझ्या काठाशी येते आहे.