बांध फुटला तेव्हा

धरमतरच्या खाडीलगतच्या त्या पाड्यात एके काळी बांधाला खांड पडली की घराघरातून माणूस धावायचा. कुणी चिखल आणायचा, कुणी पेंढा, आणि भरती चढायच्या आत बांध पुन्हा उभा राहायचा. बोलवावं कुणालाच लागत नसे. खारं पाणी एकाच्या शेतात शिरलं की सगळ्यांच्या शेतात शिरतं, हे लहान पोरांनाही कळत होतं. पुढे मिठागरं बंद पडली, पोरं कंपन्यांत लागली, घरं एकेक करून ओस पडली. चूल पेटायची ती जनू-हौसाची आणि शेजारच्या म्हाताऱ्या धोंडुबाईची.

नारळी पुनवेच्या उधाणाला बांध फुटला. जनूने गडबला राहणाऱ्या आपल्या मुलाला, प्रवीणला फोन लावला.

"शिफ्टला चाललोय, बाबा. आन दोघातिघांनी बांध व्हतो का? जाऊ द्या."

जनूने फावडं उचललं. मागोमाग हौसा पेंढा घेऊन निघाली. धोंडुबाईही काठी टेकत आली.

खांड निम्मी बुजली तोच भरती लागली. जनू खांडीत उतरला आणि पाण्याच्या तोंडाला फळी रेटून उभा राहिला. हौसा वरून चिखल लोटत होती. एकाएकी जनूच्या पायाखालची माती सरकली. तो कमरेपर्यंत रुतला, पाणी गळ्याशी आलं. फळी कलंडली, ती हौसाने धरली.

"सोडू नको गो," जनू म्हणाला. "माझं ऱ्हाऊ दे. फळी धर."

हौसाने फळी सोडली. पदर त्याच्या काखेखालून घातला, आणि दोघी बायांनी त्याला कसाबसा ओढून काढलं. तोवर पाणी शेतात घुसलं होतं.

लावणीचं भात जागच्या जागी कुजलं. जनू हौसाशी बोलेनासा झाला. धोंडुबाईला तिची लेक आपल्या घरी, निडी गावाला घेऊन गेली. दिवाळीनंतर प्रवीण दोघांना न्यायला टेम्पो घेऊन आला, तेव्हा जनू बांधावर जाऊन बसला होता. हौसा त्याला बोलवायला गेली. शेतात खाऱ्या पाण्यात उगवणाऱ्या तिवरांचे कोंब वर आले होते.

"त्या दिवशी फळी धरली असतीस तर शेत ऱ्हायलं असतं," तो म्हणाला.

"व्हय. आन त्यात राबलं कोण असतं? मी एकटी?"

 जनू उठला आणि टेम्पोत मागे, सामानापाशी जाऊन बसला. गडब येईपर्यंत त्याने मान वर केली नाही.