विहिरीच्या वाटेवरची काटी

येसूबाईच्या परसातून विहिरीकडे जाणारी वाट भिकाजीने माघ सरता सरता बंद केली. चिल्हारीच्या आणि करवंदीच्या काटेरी फांद्यांची काटी अशी दाट रचली, की मांजरसुद्धा शिरताना विचार करील. विहीर खरं तर त्याच्या बापाने आणि येसूबाईच्या सासऱ्याने, दोघा भावांनी मिळून खणलेली. पण भिकाजीला हवं होतं येसूबाईचं परस. तिचा नवरा मुंबईला गिरणीत. पाण्यावाचून बाई कंटाळेल, बिऱ्हाड उचलून नवऱ्याकडे जाईल, असा या चुलत दिराचा हिशेब. शहाणाच म्हणायचा! इतकी वर्षं शेजारी राहून त्याला वहिनी कळली नव्हती.

ती खालच्या वहाळाचं पाणी आणू लागली. चढण चढताना जीव नकोसा व्हायचा. शेजारची गंगा एकदा चिडून म्हणाली, "कोयता घे नि तोड ती काटी. मी येते संगती."

"मी तोडली तर तो उद्या दुसरी लावील. ज्यानं लावली त्यानंच काढायची."

शिमगा आला. देवीची पालखी घरोघर फिरू लागली. पालखी अंगणात शिरण्याआधी घरच्या बाईने भोयांच्या पायांवर पाणी घालायचं, आणि तेही घरच्या विहिरीचं. वहाळाचं चालत नाही, ही वाडीची रीत.

ढोल जवळ आले. देवीला दारात खोळंबून ठेवायचं म्हणजे खेळ नव्हे. अंगाशी आलं तर सारा गाव तोंडावर थुंकला असता. तरी येसूबाई रिकामी कळशी कमरेवर घेऊन अंगणाच्या तोंडाशी उभी राहिली.

ढोल थांबले. म्हातारे मानकरी धाकूबाबा पुढे आले. "बाय, पाणी कुठं हाय?"

"विहिरीत हाय, बाबा. वाट कुठं गेली ते भावोजींना विचारा."

पुढच्या दांडीला त्या वर्षी भिकाजीचाच खांदा होता. सगळ्यांच्या माना वळल्या. तो पुटपुटला, "माज्या घरनं आणतो की कळशी."

"तुज्या घरचं पाणी तुज्या दारात," धाकूबाबा म्हणाले. "खांदा सोड."

मानाचा खांदा सोडून भिकाजी काटीकडे गेला. कोयता कुणी दिला नाही, मागायची त्याची छाती झाली नाही. हातांनीच काटी ओढताना नवं धोतर फाटलं, मनगटांवरून रक्त ओघळलं. हसलं कुणीच नाही. भोई उन्हात देवीला तोलून ताटकळत होते.

वाट मोकळी झाली. येसूबाई ताठ मानेने गेली, पाणी शेंदून आली, एकेका भोयाचे पाय धुतले. कळशीत थोडं उरलं होतं. भिकाजी बाजूला खाली मान घालून उभा होता.

"हात पुढं करा, भावोजी."

त्याने केले. रक्त धुऊन निघेपर्यंत तिने धार धरली.

"आता उद्यापासनं," ती म्हणाली, "सकाळची पयली कळशी माजी."