नावाचे किती धरायचे?

"अन् नावाचे किती धरायचे?" अनुपने कागदावरून मान वर करून विचारलं.

पंचफुला आणि सपना समोरासमोर बसल्या होत्या. मध्ये टेबल, टेबलावर हिशेबाचे कागद, आणि मागच्या खोलीतून येणारा भाजलेल्या धण्यांचा वास. आदिलाबादच्या बाजारातलं हे मसाल्याचं दुकान दोघींनी भागीत काढलं होतं, सारखंसारखं भांडवल घालून. आता पंचफुला दुकान स्वतःकडे ठेवणार होती आणि सपना आपला हिस्सा घेऊन बाहेर पडणार होती. अनुप बाजारातल्या लहान दुकानांचे हिशेब लिहायचा. वाटणी त्याच्यावरच सोपवली होती.

"कायच्या नावाचे?" पंचफुला म्हणाली.

"दुकानाच्या, काकू. कांडपाची मशीन झाली, तिचा घसारा वजा केला. नवीन होती तवाची किंमत आता राह्यली नाई ना. माल झाला. डिपॉझिट झालं. आता नाव राह्यलं. सकाळी शटर उघडलं की लोक आपोआप येतात, कोणी बोलवायले जात नाई. त्याची बी किंमत असते. कागदात त्याले नावलौकिक म्हणतात. दुकान तुमी ठेवून राह्यल्या, म्हणून त्यातला सपनाताईचा हिस्सा तुमाले द्या लागते."

"नाव दिसते काय डोळ्यानं? तराजूत ठेवता येते काय?"

"तसं नाई, काकू..."

"मशीनचे देते, मालाचे देते. नावाचे मी काही देत नाई."

अनुपने सपनाकडे पाहिलं. पंचफुलाने पाहिलं नाही. आकडा मोठा नव्हता, तिला तो जड नव्हता. पण तो लिहिला असता तर एक गोष्ट कायमची कबूल झाली असती. इतकी वर्षं ती मागच्या खोलीत धुरात डोळे चोळत मिरच्या भाजत होती आणि सपना पुढे पंख्याखाली बसून गिऱ्हाइकांशी हसत होती. त्या हसण्याचे पैसे? तेही आपल्या हाताने मोजून द्यायचे?

"राहू दे, अनुपभाऊ," सपना म्हणाली. "मसाल्याले हात ताईचा हाय. माया तोंडाचे कायचे पैसे?"

तिने सही केली. पंचफुलाच्या मनाला ही सही लागली. भांडली असती तर बरं झालं असतं.

सगळं बिघडलं होतं ते त्याआधी, आशाबाईच्या घरच्या लग्नात. आशाबाई नेरडीगोंड्याची, जुनं गिऱ्हाईक. लेकीच्या लग्नाचा सगळा मसाला तिने यांच्याकडूनच करून घेतला. पंचफुलाने तो एकटीने भाजला, हातांची आग आग झाली. लग्नात आशाबाईने सपनाला जवळ बोलावून साडीचोळी दिली, पाहुण्यांना सांगितलं, "याईच्याच दुकानाचा मसाला होय." मग पंचफुलाकडे वळून प्रेमाने म्हणाली, "तुमी सपनाताईकडं कामाले होय ना? जेवून जा बरं."

"कामाले कायची? मालकीण हाय ते!" सपना लगेच म्हणाली. पण म्हणताना हसली. तिला प्रत्येक गोष्ट हसतच सांगायची सवय होती. पंचफुलाने ताटावरून उठून हात धुतले. परतीच्या बसमध्ये सपनाने नवी साडी तिच्या मांडीवर ठेवली. "ताई, तू घे. तुलेच शोभून दिसन." पंचफुलाने ती परत सरकवली. आठवडाभरात तिने वेगळं व्हायचा विषय काढला.

सपना गेल्यावर पंचफुला पुढे येऊन बसली. पंख्याखालची खुर्ची, पुढे तराजू, मागे बरण्या. भाजायला तिने सोजरबाईला पगारावर ठेवलं. पहिल्या दिवशी तिला वाटलं, आता कळेल लोकांना दुकान कोणाचं आहे.

लोक येत. "सपनाताई कुठं गेल्या?" विचारत. तेलुगू बोलणाऱ्या बायका पायरीवरूनच आत डोकावून ताई नाही का विचारत, "अक्का लेदा?"

"नाई," पंचफुला म्हणे. पुढे काय बोलायचं ते तिला सुचत नसे. कोणाचा पोरगा कोणत्या वर्गात आहे, कोणाच्या सासूचं ऑपरेशन झालं, हे सपनाला पाठ होतं. पंचफुलाला फक्त कोण किती तिखट नेतं ते माहीत होतं. माल घेऊन लोक निघून जात. सपना होती तेव्हा ते बसत. बसले की आणखी काहीतरी घेत, हे तिच्या आता ध्यानात आलं. त्यात सोजरबाईचा हात घाईचा. तीळ कधी कच्चे राहत, कधी करपत. उठून आत जावं तर पुढे गिऱ्हाईक खोळंबे.

पावसाळा संपता संपता अनुप हिशेबाला आला. बराच वेळ आकडे जुळवत बसला.

"खप उतरला, काकू. अन् खर्च तेवढाच हाय. भाडं, लाईट बिल, सोजरबाईचा पगार. गिऱ्हाईक येवो नाई तर न येवो, हे चुकत नाई. आधी जास्त मालावर वाटल्या जाय, म्हणून जाणवत नव्हतं. आता थोड्या मालावर सगळं पडून राह्यलं. नफा राहीन कसा?"

"माणसं कुठं जाऊन राह्यली मग?"

"सपनाताईनं शहराबाहेर मावल्यात दुकान टाकलं म्हणतात. मी पाह्यलं नाई."

त्या दिवसापासून मावल्याचं ते दुकान पंचफुलाच्या डोळ्यांपुढून हलेना. भाकरी थापताना तिला तिथली गर्दी दिसे. सपना गल्ल्यावर बसली आहे, बायका दाटीवाटीने उभ्या आहेत, आशाबाई पाहुण्यांना घेऊन आली आहे. नवरा दौलत एकदा म्हणाला, "जाऊन पाहून ये ना एकडाव. जळून काऊन राह्यली?" ती त्याच्यावर खेकसली. पण गुरुवारी दुपारी सोजरबाईला पुढे बसवून तिने मावल्याचा शेअर ऑटो धरला.

दुकान सापडलं. ती रस्त्यापलीकडे बांगड्यांच्या दुकानाच्या सावलीत उभी राहिली.

गर्दी नव्हती. सपना एकटीच फडक्याने बरण्या पुसत होती. पुसलेली बरणी ठेवून पुन्हा तीच उचलत होती. एक माणूस मोटारसायकल थांबवून आला. सपना हसून बोलू लागली. त्याने मसाला चिमटीत घेऊन हुंगला, परत टाकला आणि तो निघून गेला. त्याच्या पाठीकडे पाहतानाही सपनाच्या तोंडावर ते हसू तसंच राहिलं होतं.

पंचफुलाला आतून गार वाटलं. किती महिन्यांनी असं वाटलं होतं. तिने ते मनात घोळवून घेतलं.

"ताई! तिथं काऊन उभी?"

आता पळता येईना. सपनाने तिला हात धरून आत नेलं, स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. शेजारून चहा मागवला. पंचफुलाने न राहवून मसाला तळहातावर घेतला.

"खोबरं कोणी भाजलं?"

"मीच. मले येते कुठं? धूर झाला की मी घाबरते." सपना हसली, मग हसायची थांबली. "ताई, एक सांगू? मले तुया लय हेवा वाटे."

"माया?"

"दिवसभर तोंडाची टकळी मी चालवू. अन् लोक घरी जाऊन भाजी खाऊन परत येत, ते कायसाठी? तुया हातासाठी. मी एक दिवस आली नाई तर दुकान चाले. तू तापानं पडली, तर माल नाई म्हणून शटर खाली. मले वाटे, मी अशीच हाओ. फुकटची. तू वेगळं व्हायचं म्हटलं तवा मी काऊन भांडली नाई? कायच्या तोंडानं भांडू?"

पंचफुलाने चहाचा ग्लास हातात घेतला. बाजारातल्या दुकानाचं ते नाव, ज्याचा आकडा तिने लिहू दिला नव्हता, ते तिच्याकडे उरलं नव्हतं आणि इथेही आलं नव्हतं. दोघींनी मिळून कमावलं होतं, वाटायला गेल्यावर कोणाच्याच हाती लागलं नाही.

"परत ये" एवढे दोन शब्द तिच्या ओठांपर्यंत आले. पण सपनानेच चहा येईपर्यंत सांगितलं होतं, तिच्या नवऱ्याने, जीवनने, या जागेसाठी बँकेचं कर्ज उचललं होतं, भाडेकराराला वर्षसुद्धा झालं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, परत आलेली सपना पुन्हा पंख्याखाली बसेल आणि सगळे तिलाच ताई म्हणतील, हेही पंचफुलाच्या मनात त्याच वेळी येऊन गेलं. तिने चहा संपवला.

"अर्धा किलो दे मसाला."

"तुले? ताई, थट्टा करून राह्यली का?"

"दे म्हटलं ना."

सपनाने मान खाली घालून वजन केलं. पंचफुलाने पूर्ण पैसे दिले आणि सपनाने ते घेतले. दोघींपैकी कोणी नको म्हटलं नाही.

ऑटोत पुडीतून करपलेल्या खोबऱ्याचा वास येत होता. शेजारी बसलेल्या तामसीकडच्या बाईने विचारलं, "मसाला होय का? कुठून घेतला?"

"इथंच, मावल्यात. नवं दुकान हाय. सपनाबाईचं." पंचफुला म्हणाली. "बसवते, इचारपूस करते. मोठी बोलकी बाई हाय."

"अन् मसाला कसा हाय?"

ऑटो खड्ड्यातून उसळला. पंचफुलाने पुडी दोन्ही हातांनी मांडीवर दाबून धरली.

"होईन चांगला," ती म्हणाली. "हात बसाले वेळ लागते."