वायर पुरत नाही

"आपा, सॉफ्टवेअर परत एकदा टाकून बघा," अल्माटीच्या कार्यालयातून अस्खात फोनवर म्हणाला.

"तीनदा टाकलं. आता काय त्याला आंघोळ घालू?" कुल्याश भडकली. "सॉफ्टवेअर धडधाकट आहे. समुद्र मागे गेलाय. पाण्याखालचा माईक आता घोटाभर पाण्यात लोळतोय, त्याला वाऱ्याशिवाय काय ऐकू येणार? लांब वायर पाठवा म्हणून हिवाळ्यापासून कानीकपाळी ओरडतेय मी."

"वायरची तरतूद पुढच्या वर्षी आहे, आपा. पण आज संध्याकाळपर्यंत सीलचा एक तरी आवाज हवा. नाहीतर तुमच्या किनाऱ्यावर सील उरले नाहीत असं लिहावं लागेल. मग बंदराच्या जलमार्गाची खोदाई तिथूनच जाणार. माझ्या हातात काही नाही."

कुणाच्याच हातात कधी काही नसतं, याचा कुल्याशला वीट आला होता. मासळीचा कारखाना बंद पडल्यापासून ती किनाऱ्यावरच्या या खोलीत कानाला हेडफोन लावून बसत आली होती. पाण्यातला आवाज संगणक पकडायचा, हा सील, हे जहाज असा अंदाज सांगायचा, आणि ती ऐकून 'होय' किंवा 'नाही' दाबायची. सील होते. दुर्बिणीतून लांबच्या वाळूच्या दांड्यावर काळे ठिपके रोज दिसत. पण ठिपके दगडांचेही असू शकतात, असं कार्यालयाचं म्हणणं.

अंगणात तिचा नवरा सागिंदिक मोटरसायकल खोलून बसला होता.

"होडी काढता का?"

"काढतो की. आधी समुद्र आण," तो मान वर न करता म्हणाला. होडीत आता शेळ्यांचा चारा भरलेला असे.

तिनं त्याचे रबरी बूट चढवले, लॅपटॉप प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कपडे धुवायच्या टबात ठेवला, उथळ पाण्यातला माईक काढून घेतला आणि तरातरा समुद्राकडे निघाली. थोड्या वेळानं तो कुरकुरत मागून आलाच. टब त्यानं ओढायला घेतला.

"लोक म्हणतील, म्हातारी धुणं घेऊन समुद्रापार इराणला निघाली."

"बोलू नका. तेही रेकॉर्ड होईल."

कमरेएवढं पाणी लागेपर्यंत दुपार कलली. पाणी बर्फासारखं गार होतं. माईक खाली धरून दोघं उभी राहिली. पाय बधिर झाले, तरी सीलचा पत्ता नव्हता. परतायला म्हणून ती वळली आणि गाळात पाय सरकून माईकसकट पाण्याखाली गेली. सागिंदिकनं तिला दंडाला धरून वर ओढलं.

खोलीवर येऊन पाहतात तर लॅपटॉपच्या पडद्यावर हिरवी पट्टी: सील, बहुधा नक्की. कुल्याशनं हेडफोन लावला. आधी एक दबका हुंकार, मग बुडबुडे, आणि त्यातून कण्हल्यासारखं काहीतरी. तिनं हेडफोन नवऱ्याच्या कानाला लावला. तो हसता हसता खाली बसला.

"अगं, ही तर तू."

तेवढ्यात फोन वाजला. अस्खातला तिकडेही पट्टी दिसली होती. "आपा, मिळाला की! फक्त होय दाबा."

"सील नाहीये तो."

अस्खातनं आवाज खाली आणला. "मी काही ऐकलं नाही. दाबा, आपा. खोदाई थांबेल."

"दाब ना," सागिंदिकही आता हसत नव्हता. "सील तिथे आहेत हे खरंच आहे. खोटं काय त्यात?"

कुल्याशनं बोट 'होय'वर नेलं. दाबावंसं तिला फार वाटलं. पण इतकी वर्षं तिनं जिथं जिथं 'होय' दाबलं होतं, तिथं खरोखर सील होता. हे एक खोटं घुसलं, तर उद्या त्यातल्या कुठल्या 'होय'वर कुणी विश्वास ठेवावा? तेवढाच पुरावा त्या मुक्या जनावरांच्या गाठीशी होता.

"नाही अस्खात," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तिनं 'नाही' दाबलं. मग काय, असं संगणकानं विचारलं. ओल्या बोटांनी तिनं लिहिलं: 'बाई. पाय घसरला.' आणि सीलचा रिकामा रकाना होता तसा अल्माटीला पाठवून दिला.