सुगतला दिलेला चहा

वैजनाथ लातूरहून गावी परतला तो पार सुधारून, असं निदान त्याचं त्याला वाटत होतं. क्लासच्या दोन वर्षांत त्यानं पहाटे उठायची सवय लावून घेतली होती आणि राग गिळायला शिकला होता. स्वतःचे दोष तो वहीत लिहून काढायचा आणि एकेकावर काट मारायचा.

यात मोठा वाटा सुगतचा. दोघांची खोली एक, मेसचा डबा एक. घोकंपट्टी सोडून समजून कसं घ्यायचं, हे वैजनाथला त्यानंच शिकवलं. दोघांचाही मेडिकलला नंबर लागला, तेव्हा सुगत पेढे घेऊन मुदखेडजवळच्या वैजनाथच्या घरी पहिल्यांदाच आला.

ओसरीत वैजनाथचे वडील भुजंगराव दोन पाहुण्यांशी बोलत बसले होते.

"गाव कोणतं, बाबा?"

"भोकर."

"अन् आडनाव?"

सुगतनं सांगितलं. "बरं, बरं," म्हणत भुजंगरावांनी विषय बदलला. पेढ्यांचा पुडा बाजेवर तसाच राहिला.

बौद्धवाड्यातल्या माणसासाठी कोनाड्यात वेगळी कपबशी ठेवायचे दिवस गेले, असं भुजंगराव चारचौघांत अभिमानानं सांगत. खरंच गेले होते. आता तिथलं कुणी आलं की कागदी कप काढत आणि पिऊन झाला की फेकून देत. कुणाला बोट ठेवायला जागा नको!

आत आईनं, सिंधुबाईंनी, चहा गाळला. वैजनाथनं चार कपबशा मांडल्या आणि फळीवरून एक कागदी कप काढला. कुणी सांगितलं नव्हतं. लहानपणापासूनच्या सवयीनं हात आपसूक तिकडे गेला.

सुगतनं कपाकडे पाहिलं, मग सगळ्यांच्या हातांतल्या बशांकडे. चहा पूर्ण प्यायला आणि "येतो, काका," म्हणून उठला. वैजनाथला तेव्हा कुठं कळलं, आणि तो एसटीच्या थांब्यापर्यंत धावत गेला.

"सुगत, माझ्या ध्यानातच आलं न्हाई रे."

"त्याचंच वाईट वाटून राहिलंय. मुद्दाम दिला असतास तर भांडलो असतो." सुगतनं रस्त्याकडे बघितलं. "मायनं उद्या तुला जेवायला बोलावलंय, ते सांगायला आलतो."

बस आली. तो मागे न पाहता चढला.

घरी येऊन वैजनाथ पाहुण्यांसमोरच म्हणाला, "अण्णा, त्यानं शिकवलं म्हणून माझा नंबर लागला. अन् मी त्याला कागदात चहा दिला. आपल्या घरात हे आजपासून बंद."

"समद्यांच्याच घरी तसं हाय. लई शहाणा झालास का?" भुजंगराव कडाडले.

"न्हाई, अण्णा. झालो असतो तर दिलाच नसता."

दुसऱ्या दिवशी तो भोकरला गेला. सुगतनं फोन उचलला नव्हता. दार त्याच्या आईनं, पारूबाईंनी, उघडलं.

"आलास का, लेका? सुगत म्हनला, तुला ताप हाय, जमनार न्हाई. म्या म्हनलं, डबा तरी पोचता कर. त्यो भाईर गेलाय, पन आता आलाच हायस तर ये, बस."

म्हणजे त्यानं आईला काहीच सांगितलं नव्हतं. एवढा घाव सोसून त्यानं मित्राची लाज राखली होती. वैजनाथचे डोळे भरून आले. निमूट आत जाऊन जेवणं किती सोपं होतं! पण त्याचा पाय उचलेना.

"मावशी," उंबऱ्याबाहेरूनच तो म्हणाला, "मला ताप न्हाई. काल मी काय केलं ते आधी ऐका. मग आत घ्यायचं का न्हाई, ते तुम्ही ठरवा."